झाकणावरचं नाव

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा भट्टी निवत होती. माझी बायको सुमिए सकाळी सात वाजता गेली. "चार दिवस भट्टी उघडू नका," असं तिनं बजावलं होतं. म्हणून तिच्या अस्थी घरी आणल्यावर, पाचव्या दिवशी उघडली. आत तिचं शेवटचं काम होतं. कुजलेल्या ओंडक्यावर अळंबीचे थर चढतात तसे मातीचे पातळ थर, कमरेइतके उंच. एकालाही तडा गेला नव्हता.

जपानातल्या शिगाराकी या कुंभारांच्या गावात माझ्या वडिलांची भट्टी आहे. माती मी मळायचो, जाळही मीच घालायचो. आकार सगळे तिचे. पण काम ज्या लाकडी पेटीतून जातं, तिच्या झाकणावर ते घडवणाऱ्यानं आपल्या हातानं नाव लिहायचं असतं. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी व्यापारी हिराबायाशी म्हणाला, "बाईचं नाव दिसलं की लोक फुलदाण्या मागतात. भट्टी तुमची, नाव तुमचंच लिहा." मी लिहिलं. एकावर नाही, सव्वीस झाकणांवर.

सुमिए नखांतली माती काढत विचारायची, "काय गुरुजी, आज काय घडवलंत आपण?"

मी हसायचो. ती हसत नव्हती, हे मी पाहिलंच नाही.

हॉस्पिटलात म्हणाली, "या वेळच्या पेटीवर माझं नाव लिहा."

"लिहितो," मी म्हणालो.

एकोणपन्नासाव्या दिवशी आमच्याकडे सुतक संपतं, त्या दिवशी हिराबायाशी आला. तिच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले आणि लगेच पेटीकडे वळला.

"गुरुजी, झाकण अजून कोरंच?"

"तिचं नाव लिहिणार आहे."

"वहिनींचं? मग आधीच्या सव्वीस कोणाच्या, असं लोक विचारतील. काय सांगाल?"

"खरं ते सांगेन."

"सांगा की. पण वहिनी होत्या तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यानं चहा संपवला, दाराशी बसून बूट घातले. "प्रदर्शन नोव्हेंबरात आहे. तोवर ठरवा."

प्रदर्शन होऊन गेलं. मी काम पाठवलं नाही. रोज सकाळी शाई उगाळतो, ब्रश बुडवतो. डोळ्यांसमोर ती सव्वीस झाकणं येतात आणि शाई वाळून जाते.

काम पेटीत आहे. झाकणावर सुमिएचं नाव अजून लिहिलेलं नाही.