साडूची मिशी

सलूनवाल्याची मिशी गेली ती मेहुणीच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर, सगळ्यांच्या देखत. काढली त्याच्या साडूनं, आणि तीही दाढीच्या एका जुनाट मशिननं, ज्याची पाती कोणी कधी साफ केलेली नव्हती. वरचा ओठ सोलवटून निघाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिशा कोरणारा माणूस डायनिंगच्या खुर्चीत मान वर करून बसला होता आणि बायका तोंडाला पदर, मुली तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बसवर कंडक्टर होता, निवृत्त झाला तरी घरीदारी नाव कंडक्टरच राहिलं. उभी हयात तिकिटाला चिमटा मारण्यात गेली, त्यामुळे अंगठ्याला भलती चपळाई. त्या अंगठ्याला काम उरलं नव्हतं, तेवढ्यात जावयानं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला, मोटारींच्या शर्यतीचा. "जन्मभर दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत उभा राहिलो, आता माझी मी चालवतो," असं म्हणत कंडक्टर येईल त्या पाहुण्याला हरवत सुटला. सलूनवाल्याला पैज त्यानंच घातली. हरेल त्याची मिशी.

सलूनवाला अर्ध्या वाटेपर्यंत पुढे होता हो. मग मनगटात कळ आली, अंगठ्याला मुंग्या आल्या आणि गाडी सरळ भिंतीवर गेली.

मिशीचं एक वेळ ठीक, ती उगवते. पण मशीन बंद करता करता कंडक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हात जड झाला गड्या तुझा. आता गिऱ्हाईकांनी गळा सांभाळून बसावं."

सलूनच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. हात हलका आहे, एवढ्या दोन शब्दांवर दुकान चालतं. आठवडा सरला नाही तोच शाळेतले सर दाढीला आले आणि गळ्यावर फेस लावल्यावर म्हणाले, "वस्तरा नको, मशीनच फिरवा. नाही, हात जरा जड झालाय असं ऐकलं." सलूनवाल्यानं मुकाट्यानं मशीन फिरवलं. सर गेल्यावर वस्तऱ्याला धार लावत बसला. ज्याच्यासाठी लावत होता तो माणूस खुर्चीत नव्हता, एवढंच.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं, "मला त्याची मिशी पाहिजे."

"अहो, मिशी काय, परत येते. साडू रुसला तर परत यायचा नाही."

"मला मिशीच पाहिजे."

सुनेकडे तसाच गेम होता, लग्नाआधीपासूनचा, कपाटावर धूळ खात पडलेला. तिनं तो पुसून टीव्हीला लावून दिला आणि हातात धरायचं ते यंत्र, ज्याला घरात सगळे रिमोट म्हणायचे, सासऱ्याच्या हाती दिलं. दुकानातून आला की सलूनवाला खेळायला उभा राहायचा. उभा राहायचा हे खरंच. कोपरं खांद्यापर्यंत उचललेली, मनगटं आत वळलेली, रिमोट छातीसमोर हवेत. पडद्यावर दुसरी गाडी दिसली की त्याला कंडक्टर दिसायचा आणि बटणावर अंगठा असा रुतायचा की नख पांढरं पडावं. थोड्याच वेळात कळ मनगटातून कोपरापर्यंत चढायची. सकाळी चहाचा कप उचलेना. एकदा तर कात्री हातातून निसटली. गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाड कापड होतं म्हणून निभावलं.

सून ऑफिसात दिवसभर कीबोर्डवर असायची आणि तिनंही मनगटाचं दुखणं एकदा चांगलंच भोगलं होतं. एके संध्याकाळी ती दारात उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, समोर डोकं कोणाचं आहे?"

"कसलं डोकं?"

"तुम्ही केस कापताय. नीट बघा हात कुठे आहेत ते."

सलूनवाल्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. खुर्चीतल्या माणसाच्या डोक्याभोवती असतात तसेच होते. वर्षानुवर्षं दोन्ही हात हवेत धरून काम केलेलं. गेम खेळायलाही तो त्याच पवित्र्यात उभा राहिला होता.

"आणि ते बटण एवढं का दाबता?"

"त्याला मागे टाकायचंय."

"जोरात दाबलं म्हणून गाडी जोरात जात नाही. बटणाला तुमचा राग कळत नाही, बाबा. नुसतं टेकलं तरी गाडी तेवढीच पळते."

सलूनवाला हसला नाही. नवीन पोरगं कामाला लागलं की कात्री आवळून धरायचं आणि तो त्याच्या बोटांवर कंगवा मारायचा. चालतो तो अंगठा, बाकीच्या हातानं गप्प बसायचं, हे शिकवता शिकवता त्याचे केस पिकले होते. आता कंगवा मारायला त्याच्यामागे कोणी नव्हतं.

सुनेनं त्याला सगळं रीतसर दाखवलं. पाठ टेकून बसायचं. कोपरं कशावर तरी ठेवायची. मनगट हाताच्या रेषेत, ना वर मुडपलेलं ना खाली. रिमोट पाखरू धरावं तसा, पडणार नाही इतपतच. सुरू करण्याआधी मुठी उघडायच्या, मिटायच्या, थंडी असेल तर हात कोमट पाण्यात बुडवायचे. दोन शर्यतींच्या मध्ये रिमोट खाली ठेवायचा. आणि दुखू लागेपर्यंत खेळायचंच नाही, त्याच्या आधी उठायचं.

"आणि मुंग्या आल्या तर त्या दिवशी खेळ बंद. थांबल्या नाहीत तर डॉक्टर. कबूल?"

"कबूल. पण मिशी?"

"मिशी हाताला विचारून घ्यायची."

आधी तिनं त्याला चक्क सुट्टी दिली. गेम कपाटावर गेला, सलूनवाल्यानं दुकानातही जड कात्री बाजूला ठेवून हलकी घेतली आणि दुपारची विश्रांती वाढवली. हात निवत गेला. राग मात्र निवला नाही. तो त्यानं निवू दिलाही नाही. रोज सकाळी आरशात ओठावरचे खुंट बघायचा आणि दिवसापुरता राग भरून घ्यायचा. पुन्हा खेळायला बसला तेव्हा कोपरांना आधार कुठे द्यावा असा प्रश्न पडला आणि उत्तर त्याच्याच दुकानात निघालं. गिऱ्हाइकाची खुर्ची. हात ठेवायला गुबगुबीत दांडे, वरखाली करायला पायाशी कळ, डोकं टेकायला उशी. इतकी वर्षं तो त्या खुर्चीभोवती फिरला, पण तिच्यात बसला कधी नव्हता. दुकानात एक टीव्ही होताच, गेम तिथे आणून जोडला. मांडीवर टॉवेलची गुंडाळी घेतली, त्यावर हात ठेवले आणि सलूनवाल्याला पहिल्यांदा कळलं की गाडी चालवताना खांदे कानाला लावावे लागत नाहीत.

मिशी पुरती भरली तेव्हा त्यानं साडूला फोन केला. "सुट्टीच्या दिवशी दुकानात ये. पुन्हा तीच पैज."

"आताच उगवली ना रे तुझी? एवढी घाई कशाला?"

"येतोस का?"

कंडक्टर आला, बायकोला घेऊन आला, मिशीला तेल लावून आला. भरघोस, टोकं वर वळवलेली, तिकीट नसलेल्या प्रवाशाकडे बघताना तो जिला पीळ द्यायचा तीच मिशी. दोन खुर्च्यांत दोन साडू बसले. मागच्या बाकावर दोघी बहिणी आणि मधे सून. सलूनवाल्यानं दाढीच्या वाटीत कोमट पाणी घेऊन हात बुडवले, मुठी उघडल्या, मिटल्या.

"काय रे, नटी लागून गेलास का? हातांचे लाड चाललेत ते."

"आहेत माझे. दुसरे कोण करणार?"

एकूण शर्यती पाच, जास्त जिंकेल तो खरा. पहिली कंडक्टरनं मारली, दुसरीही मारली. तो खुर्चीच्या कडेवर आला होता, पाठीचं धनुष्य, हात हवेत, रिमोट लिंबासारखा पिळलेला. प्रत्येक शर्यतीनंतर सलूनवाला रिमोट खाली ठेवायचा, बोटं झटकायचा, खिडकीबाहेर बघायचा. कंडक्टर मात्र रिमोट सोडायला तयार नव्हता. "चल, चल. हातासरशी मिशी घेऊन जाऊ दे."

तिसऱ्या शर्यतीत त्यानं एका वळणावर अंगठा झटकला. सलूनवाल्याला आरशात ते दिसलं. ती झटक त्याला पाठ होती, कुठून निघते आणि कुठे जाऊन बसते ते सगळं. तिसरी सलूनवाल्याची झाली.

"थांबू या का जरा? दुखतंय का?" त्यानं गोड आवाजात विचारलं.

"दुखायला मी काय सलूनवाला आहे?"

"बरं."

पाठ टेकून बस, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सुनेनं त्याच्याकडे पाहिलंही. सलूनवाल्यानं तोंड उघडलं नाही, आणि त्याबद्दल त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही. चौथ्या शर्यतीत कंडक्टरची गाडी कुंपणाला घासत गेली आणि तीही सलूनवाल्यानं मारली. तो जितका मागे पडे तितका बटण दाबे, आणि जितका दाबे तितका अंगठा दगड होई. पाचव्या शर्यतीत, शेवटच्या वळणाच्या आधी, त्याच्या तोंडून "आई गं" निघालं आणि रिमोट फरशीवर पडला. सलूनवाल्याचा अंगठा बटणावर माशी बसावी तसा होता. गाडी रेषेपलीकडे गेली.

तो उठला. कंडक्टरला उठावं लागलंच नाही, कारण तो आधीच खुर्चीत होता. सलूनवाल्यानं पायानं कळ दाबून खुर्ची मागे कलती केली आणि गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं.

"नात्याचा काही विचार," कंडक्टर आढ्याकडे बघत म्हणाला.

"मशिनच्या वेळी केला होतास तेवढाच करतो."

मेहुणी बाकावरून म्हणाली, "भाऊजी, घ्या एकदाची. चहात बुडते ती."

फेस लागला. वस्तरा उघडल्याचा आवाज आला आणि कंडक्टरनं डोळे गच्च मिटले. दुखरा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून तो वाट बघत राहिला. वाट बघून कंटाळला आणि शेवटी वैतागून म्हणाला, "सुरू कर ना बाबा. किती वेळ लावतोस?"

"झालं."

"काय झालं? मला तर काही लागलंच नाही."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, हात लागल्याचंही कळलं नाही मला."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सलूनवाला बाकाकडे वळून म्हणाला. "सरांच्या कानावर घाला जरा."

त्यानं खुर्ची सरळ करून आरशासमोर फिरवली. आरशात एका बाजूला पीळ दिलेलं टोक दिमाखात वर गेलं होतं. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत ओठ होता, एकही ओरखडा नसलेला.

कंडक्टरनं उरलेलं टोक बोटांनी चाचपलं. "आणि ही उरलेली?"

सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला, "ती पुढच्या वेळी. तुझा अंगठा बरा झाला की ये."

"अरे, मी असा घरी कसा जाऊ?"

"बसनं जा," सलूनवाला म्हणाला आणि त्याच्या गळ्याचं कापड सोडून झटकलं.