काच हातात असताना

काचवाल्यांचा एक जुना नेम आहे: काच हातात असताना बोलायचं नाही. बोलता बोलता माणूस हसतो, हसला की हलतो, आणि हलला की तुकडे वेचायला बसतो. म्हणून सगळं काम लाकडावर हात थोपटून चालतं. एक थाप म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे थांब.

त्या दिवशी हा नेम पाळायची पाळी नेमकी कात्रीवर आली. कात्री हा काचवाल्याचा लहानपणापासूनचा मित्र. होता न्हावी, पण हे नाव त्याला धंद्यावरून नव्हे, जिभेवरून पडलं होतं. टेम्पोच्या हौद्यात माणसापेक्षा उंच आरसा लाकडी चौकटीत उभा केलेला, त्याला धरून कात्री बसलेला, आणि पुढे स्टिअरिंगवर काचवाला एकटा. रस्ता दिवसभराचा.

आरसा काचवाल्याच्या मुलीसाठी होता. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हा बाप हट्टाला पेटला आणि लग्नाला गेला नाही. तेव्हापासून बोलणं बंद. आता तिने दूरच्या शहरात शिवणकामाचं दुकान थाटलं होतं, आणि मोठा आरसा चांगला कुठे मिळेल, असं फोन करून विचारलं कुणाला, तर कात्रीकाकांना.

"तिच्या शहरातले आरसेवाले काय संपावर गेलेत?" कात्री म्हणाला होता. "मुकाट्याने काच काप. मी येतो सोबत."

काचवाल्याला वाटलं, बरं झालं, कटकट मागे बसली. पण थोड्याच वेळात शेजारची रिकामी जागा त्याला खायला उठली. नको नको ते विचार येऊन तिथे बसले. ती दारातूनच हाकलेल. चार माणसं बघतील. मधूनच पाठीमागून एक थाप यायची, तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. पुढेपुढे तर तो त्या थापेची वाटच बघू लागला. गाडी थांबली की मात्र उतरून आधी आरशाचे कोपरे चाचपायचा आणि मित्राला काही न विचारता पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसायचा. होत्या नव्हत्या तेवढ्या रजया आरशाच्या पाठीला आणि कडांना लावलेल्या, कात्रीच्या बुडाखाली नुसतं पोतं.

शहर जवळ आलं तसा त्याचा धीर सुटला. त्याने गाडी वळवली आणि आल्या वाटेला लावली. लगेच तीन थापा पडल्या.

तो उतरून मागे गेला. "इतका वेळ आरशात ऊन होतं, एकदम गेलं," कात्री म्हणाला. "सूर्य फिरला की तू?"

"तिने तोंडावर दार आपटलं तर?"

"आपटू दे. दोघं आहोत, निम्मं निम्मं वाटून घेऊ. आणि ऐक, सकाळपासून या आरशात माझंच थोबाड बघत आलोय. तेच बघत परत जायची माझी तयारी नाही. वळव."

काचवाल्याने वळवली.

दुकानापुढे गाडी थांबवून तो हौद्यात चढला. सवयीने हात कोपऱ्याकडे गेला, आणि कात्री दिसला. उठू बघत होता, पण उठता येत नव्हतं. चौकट धरून धरून बोटं आखडली होती, पाय बधिर झाले होते. काचवाल्याने त्याची बोटं एकेक करून सोडवली, खाली बसून त्याचे पाय मांडीवर घेतले आणि चोळू लागला.

"तू नसतास तर मी अर्ध्यातूनच पळालो असतो," तो म्हणाला. "फार केलंस रे माझ्यासाठी."

"आधी पाय चोळ. भाषण नंतर."

आणि उभ्या जन्मात न केलेली चूक काचवाल्याने तेव्हा केली. काच कुणीच धरलेली नव्हती. चौकट हळूच कलली.

"बाबा, काच!"

मुलगी कधी बाहेर आली ते कळलंच नाही. एका ढांगेत ती वर चढली आणि तिने चौकट सावरली. बापाच्या दुकानातच वाढलेली ती, कुठे धरायचं ते सांगावं लागलं नाही. बाप धडपडत उठला आणि त्याने अलीकडची बाजू धरली. आरसा मधे, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसेना. रागावली आहे की काय, तेही कळेना. तो तसाच उभा राहिला.

पलीकडून लाकडावर थाप पडली. एकच.

दोघांनी आरसा उचलला आणि सांभाळून दारातून आत नेला. कुणी काही बोललं नाही, कात्रीसुद्धा. काच हातात होती.