रंभाबाईची कणी

“कणी न्हाईच म्हनतंय कम्पूटर,” दत्ता वॉचमनने फाटकाची कडी सोडली नाही. “पावती निगत न्हाई, तर पोतं बी जानार न्हाई.”

“मंग डोक्यावर काय माजी सवत बसलीया?” असं म्हणत रंभाबाई पोत्यासकट थेट ऑफिसात घुसली.

पौडजवळच्या त्या भातगिरणीत ती बावीस वर्षं तांदूळ चाळत होती. चाळणाऱ्या बाईने दर शनिवारी दहा किलो कणी, म्हणजे चाळताना निघालेला तुटका तांदूळ, घरी न्यायची, ही गिरणीची जुनी रीत. मालक बदलले, मशिनं बदलली, रीत काही हलली नव्हती. या सोमवारी मात्र नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते बसवायला अनिमेष आला. कपाळभर केस, कानात इअरफोन आणि कुठल्याही प्रश्नावर एंटर दाबायची तयारी!

“मावशी, एकदम सिम्पल आहे. शंभर किलो भात आत, बासष्ट किलो तांदूळ बाहेर.”

“आन् अडतीस कुटं ग्येलं?”

“ती घट.”

रंभाबाईने डोक्यावरची ती घट पोत्यासकट धप्पकन टेबलावर ठेवली. कीबोर्ड पांढराफटक.

“कोंडा, तूस, कणी. समदं भातातनंच निगतं, बाबा. लिव्ह!”

अनिमेषला पटलं. तांदूळ कशापासून होतो त्या यादीत त्याने शंभर किलो भातामागे आठ किलो कणी भरली, कोंडा भरला, तूस भरलं आणि दाबला एंटर. पाच मिनिटांत गिरणीमालक शैलेशशेठ धापा टाकत हजर.

“अरे, बॅच सुटेना, गिरणी बंद! हे म्हणतंय, तांदूळ करायला आधी कणी आणा! चार टन तुसाची खरेदी काढलीय याने!”

“तूप कडवायला आदी बेरी इकत आना म्हनावं!” रंभाबाई पदर तोंडात कोंबून अशी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली.

अनिमेषचे कान लाल. त्या यादीत जे आत घालायचं ते अधिक, जे सोबत बाहेर पडतं ते वजा. आणि नेमकं वजाचं चिन्हच राहून गेलं होतं. त्याने तिन्ही ठिकाणी ते दिलं. गिरणी घरघरली. साठ्यात कणी दिसायला लागली.

“चला, आता पावती. नेण्याचं कारण... विक्री, भंगार, दान. दान टाकतो.”

रंभाबाईचं हसू तिथेच थांबलं.

“दान?”

“तीनच पर्याय आहेत, मावशी. पटकन निघेल.”

“न्हाई निगाली तरी चालंल.” तिने पोतं स्वतःकडे ओढलं. “बावीस वर्सं चाळलंय म्या. भीक न्हाई न्येत.”

“टाक रे, काय फरक पडतो?” शैलेशशेठ घड्याळ बघत म्हणाले.

अनिमेषने इअरफोन काढला. “मग काय लिहू, मावशी?”

“दळनाऱ्याची दळनावळ आस्ती ना? तशी चाळनारीची चाळनावळ.”

त्याने चौथा पर्याय तयार केला. तिने तो दोनदा वाचून घेतला, मगच छापू दिला.

फाटकावर दत्ताने पावती घ्यायला हात पुढे केला. रंभाबाईने ती त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तो शेवटचं अक्षर वाचेपर्यंत धरली, हातातून मात्र सोडली नाही.