तोंड माहं, आवाज दुसरीचा

एकोणतीस सिनेमांत मी माय झाली. हिरोची माय, हिरोईनची माय, एकदा तर गुंडाची माय, जी सोता पोराले पोलिसाच्या हवाली करते. आठ सिनेमांत मेली, तीनात पागल झाली. आमच्या रायपुरात छत्तीसगढी सिनेमा बनते हे पुण्याकडच्या पाव्हण्यायले सांगितलं का ते हसतात. पण बनते बाप्पा, दर साली बनते, अन् त्यात मायची गरज पडतेच. मग फोन येते, "दीदी, दो दिन का काम है, साड़ी अपनी ले आना."

अन् त्या एकोणतीसपैकी एकाही सिनेमात माहा आवाज नाही.

काहून ते सांगते. आमच्याकडं शूटिंग चालू असते तेव्हा बाजूनं ट्रक जातात, कुत्रे भुकतात, कोणी मोबाईलवर बोंबलते. म्हणून तिथचा आवाज टाकून देतात अन् मागून स्टुडिओत बसून, पडद्यावरचे ओठ पाहून, सगळं पुन्हा बोलतात. त्याले डबिंग म्हणतात. माहे ओठ पाहून दुसरीच कोणी बोलते, दर सिनेमात वेगळी. कारण माही छत्तीसगढी लोकायले मराठीसारखी वाटते. माहं माहेर भंडाऱ्याकडचं. लग्न होऊन रायपुरातल्या गुढियारीत आली त्याले बेचाळीस वर्षं झाली, भाजीवालीसोबत मी छत्तीसगढीतच भांडते अन् तिले एकूण एक शिवी समजते. पण माईकसमोर "का होगे बेटा" म्हणायचं तर तोंडातून "काय होगे" निघते. रेकॉर्डिंगवाला कानावरचा हेडफोन काढते अन् डायरेक्टरकडं पाहते. ते पाहणं मले पाठ झालं आहे.

याचं मले पहिले काही वाटत नव्हतं. खोटं कशाले बोलू, वाटत होतं, पण गिळत होती. आमचे हे, गुलाबराव, मालगाडीचे गार्ड होते. डोळे होते तेव्हा माहा दर सिनेमा पाहायचे अन् बाहेर आल्यावर म्हणायचे, "दिसतेस तू, पण तुह्या तोंडातून भलतीच बाई बोलते ना, मले कसंसंच होते." मी म्हणायची, "डोळे उघडे ठेवा अन् कान बंद करा." तीन वर्षांपहिले शुगरनं त्यायचे दोन्ही डोळे गेले. आता कानच राहिले. म्हणजे माहे आधीचे सगळे सिनेमे त्यायच्यासाठी पुसल्या गेले. टीव्हीवर एखादा लागला तर विचारतात, "आता तू आहेस का व?" मी म्हणते, "हव." मग मान खाली घालून ऐकत बसतात. त्या बसण्याचा मले इतका राग येते का मी टीव्हीच बंद करते.

म्हणून मले एकच पाहिजे होतं. एक सिनेमा, ज्यात मी माह्या आवाजात बोलीन अन् हे टॉकीजमध्ये बसून ऐकतीन. बस्स, दुसरं काही नाही.

रायपुरातल्याच तात्यापाऱ्यातला शिशिर मागच्या साली घरी आला. डायरेक्टर आहे. त्याचे लोक नागपूरच्या भोसल्यायच्या काळापासून इथचे, त्यायच्या घरची मराठी पुस्तकातल्यासारखी. म्हणाला, "काकू, उरला भागातल्या कारखान्यात मेलेल्या पोराच्या आईची गोष्ट आहे. आई म्हणजेच अख्खा सिनेमा." मी पाणी बी विचारलं नाही, पहिले अट घातली. म्हटलं, "डबिंग मी करीन. नाही तर दुसरी कोणी पाह्य." तो विचारात पडला. मग म्हणाला, "छत्तीसगढी साफ करा काकू, मी शब्द देतो." पोट्टा चांगला आहे. वाईट असता तर शिव्या द्यायले मजा आली असती.

सहा महिने मी त्या भाजीवालीले सोडलं नाही. दुपारी तिची टोपली उतरवायची, चहा पाजायचा, अन् तिच्यासमोर डायलॉग म्हणायचे. चूक झाली का माह्या मांडीवर चापट. "काय नहीं दाई, का! का!" घरात बी मी छत्तीसगढीतच बोलायले लागली. हे कावले. म्हणे, "अवं, भाजी तरी मराठीत वाढ." शेवटी शिशिरनं स्टुडिओत नेऊन माही टेस्ट घेतली. हेडफोनवाल्यानं कोणाकडं पाहिलं नाही, काचेतून सरळ अंगठा दाखवला. मी घरी येऊन यायले सांगितलं, "यावेळी मी बोलणार." त्यायनं माहा हात धरला अन् किती वेळ सोडलाच नाही.

विहारातल्या बायका आधीपासून माह्यावर कुरकुर करत. म्हणत, सत्यभामाबाई, बावीस प्रतिज्ञा घेतल्या अन् कॅमेऱ्यापुढं कुंकू लावून तुळशीले पाणी घालते? मी म्हणायची, ते सिनेमातली माय घालते, मी नाही. अन् ते खरंच होतं. कॅमेऱ्यापुढं मी कधी मी नव्हतीच. त्या एका सीनले बी नसती झाली तर बरं झालं असतं.

तो मोठा सीन आमच्याच गुढियारीतल्या एका अंगणात होता. घरमालकानं एकच दिवस दिला होता, दुसऱ्या दिवशी घर पाडून नवं बांधायले काढणार होते. खाली चादरीत पोरगा झाकलेला, श्वास धरून पडलेला. म्या चादर उचलायची, तोंड पाहायचं अन् रडायचं: "मोर बेटा, मोला छोड़ के कहाँ चल देस रे." शिशिर कानाशी येऊन म्हणाला, "काकू, अॅक्टिंग नका करू. फक्त बघा त्याच्याकडे."

माहा पोरगा प्रशिक त्याच उरल्याले, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहे. त्या सकाळी डबा घेऊन शिफ्टले गेला होता. त्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत, मोजायले गेली तर तो बाही खाली ओढते. मी चादर उचलली अन् पुढचं मले नीट आठवत नाही. भानावर आली तेव्हा कॅमेरावाला डोळे पुसून राहिला होता. शिशिर जमिनीवर बसून हुंदके देत होता. "ओके," म्हणाला, "ओके काकू, ओके." एकाच टेकमध्ये. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, सामान भरलं अन् गेले. मी बी ताठ मानेनं घरी आली.

दोन महिन्यांनी डबिंग लागलं. बाकीचे सीन मी दोन दिवसांत झोडपून काढले, एकदाही "काय" निघालं नाही. तिसऱ्या दिवशी तो सीन लावला. पडद्यावर निव्वळ माहं तोंड. अन् हेडफोनमध्ये, अंदाजासाठी ठेवलेला अंगणातला आवाज आला: "माह्या लेकरा! मले सोडून कुठी गेला रे बाप्पा! कोणाले पाहू मी आता!"

अख्खी दोन मिनिटं. एक शब्द छत्तीसगढी नाही.

हेडफोनवाल्यानं शिशिरकडं पाहिलं. शिशिरचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, "काकू, त्या दिवशी मला कळलंच नाही. मला ते आपलंच वाटलं." त्याले काय दोष देऊ? त्याची माय बी मराठीतच रडत असन. त्याच्या कानाले काही खुपलंच नाही. अन् बाकीच्यायनं म्हटलं असन, डायरेक्टरनं ओके दिलं तर आपण कोण बोलणारे, मागून डबिंगमध्ये पाहू.

दिवसभर मी त्या ओठांमागं धावली. "बेटा" म्हणायले ओठ मिटावे लागतात, अन् पडद्यावर "लेकरा" म्हणताना माहं तोंड आ वासलेलं. शब्द पुढं जात, तोंड मागं राही. मले बोलता येत होतं, दुसऱ्याच्या तोंडात शब्द बसवणं येत नव्हतं, अन् तिथी तर मीच दुसरी होती. पुन्हा शूटिंग करावं तर ते घर पाडून झालं होतं. शेवटी मी हात जोडले. म्हटलं, "राहू दे ना मराठीतच. रायपुरात मराठी माय नसते का?" शिशिर म्हणाला, "काकू, अख्ख्या सिनेमात ती छत्तीसगढी बोलते. लोक हसतील. त्या सीनला टॉकीजमध्ये हसले तर सिनेमा मेला." मी चिडली. "तू हसला का? तू तर रडला!" तो खालीच पाहत राहिला.

मग दीपमालाले बोलावलं. पंचवीस वर्षांची पोट्टी, आमच्याच मोहल्ल्यातली, तिची माय माह्यासोबत विहारात येते. पोरीले मराठी समजते, उत्तर हिंदीत देते, अन् छत्तीसगढी अशी बोलते का जशी खेड्यातच जन्मली. तिनं माहे ओठ दोनदा पाहिले, कागदावर चार शब्द इकडचे तिकडं केले, अन् म्हातारीचा आवाज काढून अर्ध्या तासात बसवलं. बसवलं म्हणजे, मले सोतालेच वाटलं का मी तेच बोलली होती. बाहेर येऊन म्हणाली, "मौसी, सॉरी. मेरा तो काम ही यही है." अन् एका तोंडाले दोन आवाज चालत नाहीत, म्हणून माहे दोन दिवसांचे सगळे सीन पुसून तिच्याच आवाजात केले. मी शिशिरले, दीपमालाले, हेडफोनवाल्याले, सगळ्यायले शिव्या दिल्या अन् रिक्षात बसून सोताले दिल्या. मुडदा बशिवला माह्या जिभेचा, सहा महिने दम धरला अन् नेमक्या त्याच वेळी माहेरी गेली.

घरी सांगितलं नाही. आज सांगीन, उद्या सांगीन. तिकडं यायनं सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, डॉक्टरले, न्हाव्याले, पेन्शनवाल्या दोस्तायले: "यावेळी बाईचा सोताचा आवाज आहे." सिनेमा लागला त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दहा वाजल्यापासूनच खुर्चीत बसून होते.

बाराच्या खेळाले आम्ही दोघं गेलो. मले वाटलं, पहिल्याच शब्दाले पकडतीन. बेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज आहे, मालगाडीचा डबा रुळावर जरा वेगळा वाजला तर ओळखणारा माणूस. दीपमाला पडद्यावरून बोलली. यायनं माह्या हातावर थाप मारली. "किती साफ बोलते व तू!" म्हणाले. मग तो सीन आला. ती रडायले लागली अन् हे बी रडायले लागले, त्या आंधळ्या डोळ्यायतून धारा. माह्या कानाशी येऊन म्हणाले, "बेचाळीस वर्षांत तुले असं रडताना नाही ऐकलं. इतकं कुठी ठेवलं होतं?" मले वाटलं तिथंच ओरडावं, ते मी नोहे म्हणून. आवाज निघाला नाही.

आता कोणीतरी तो सीन त्यायच्या मोबाईलमध्ये टाकून दिला आहे. रोज चहा झाला का म्हणतात, "लाव." मी लावते. परवा मले सहन झालं नाही. मोबाईल ठेवला, त्यायच्यासमोर खाली बसली अन् जसं त्या अंगणात निघालं होतं तसं म्हटलं, "माह्या लेकरा, मले सोडून कुठी गेला रे बाप्पा, कोणाले पाहू मी आता." म्हणता म्हणता खरंच रडू आलं. यायनं पुरं ऐकून घेतलं. मग चाचपत मोबाईल शोधला अन् माह्याकडं पुढं केला.

"हे नको व," म्हणाले. "सिनेमातलंच लाव. त्यात तू खरी वाटतेस."

मी लावलं.