हापशाखालचा हात

मी दीड वर्षाची असताना आई गेली, आणि तरीही ती मला आठवते. हे मी जन्मभर लोकांशी भांडून सांगत आले आहे. नवरा हसायचा, मुलगी विषय बदलायची. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तर एवढ्या लहानपणचं कुणालाच आठवत नसतं असं मला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची पायरी चढले नाही. सर्दीखोकलाही दुसरीकडे दाखवते.

मला आठवतं ते असं. अंगणातला हापसा. मी उघडीबंब, डोक्यावर गार पाण्याची धार, आणि मी गळा काढून ओरडतेय. तेवढ्यात एक ओला तळवा माझ्या डोळ्यांवर येऊन घट्ट बसतो, पाणी आत जाऊ नये म्हणून. आईच्या बाकीच्या गोष्टी ताईने सांगितलेल्या. आई शेंगा निवडताना गाणी म्हणायची, बाबांच्या चालण्याची नक्कल करायची, मला पिटुकली म्हणायची. त्या ऐकीव होत्या. तळवा मात्र माझा स्वतःचा होता. आता नवरा नाही, मुलगी सातासमुद्रापार आहे, आणि फ्लॅटमध्ये कुकरच्या शिटीशिवाय आवाज नसतो. अशा वेळी मी स्वतःचाच हात डोळ्यांवर ठेवून बसते. वेडेपणा आहे. असू दे.

ताई गावाकडच्या घरात एकटी राहते. लग्न केलं नाही. "ज्यांनी विचारलं ते करण्यासारखे नव्हते, आणि करण्यासारख्यांनी विचारलं नाही," एवढंच सांगते. कोंबड्या पाळते, अंडी विकते, आणि कोंबड्यांशी बोलते त्याच्या निम्मंही माझ्याशी बोलत नाही. परवा फोनवर तिने सहज सांगितलं की आता घरात नळ आलाय, तेव्हा हापसा काढून भंगारात देणार आहे. मी सकाळची पहिली बस पकडली.

"हापशाला हात लावायचा नाही," पिशवी खाली ठेवायच्या आधी मी म्हणाले.

"मग तू बस हापसत. पाणी कधीच गेलंय त्याचं," ताई म्हणाली आणि अंड्यांची टोपली उचलून स्वयंपाकघरात गेली.

मिस्त्री येऊन बसलाच होता. वयस्कर, कानाने जरा कमी, पाना लावून गंजलेले नट सोडवत होता. त्याने थांबावं म्हणून मी त्याला आईची सगळी हकिगत सांगितली, मोठ्या आवाजात. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"बाई, हा हापसा माझ्या वडिलांनी बसवला," तो म्हणाला. "पाइप धरायला मी होतो. तुम्ही त्या पायरीवर बसून रडत होतात, मशीनला घाबरून. चांगल्या चार वर्षांच्या होतात. तुमच्या आई त्याआधीच गेल्या होत्या, त्यांना मी पाहिलंही नाही."

"तुमची काहीतरी गल्लत होतेय."

"होत असेल," तो म्हणाला आणि पुन्हा नटाला भिडला. गल्लत झालेला माणूस असा बोलत नाही, हे मला तिथेच कळलं. तरी मी तावातावाने आत गेले.

ताई जमिनीवर बसून ओल्या फडक्याने अंडी पुसत होती.

"ताई, हापसा कधी बसवला?"

"तुला शाळेत घातलं त्याच्या आदल्या वर्षी. का?"

"मग माझ्या डोळ्यांवर हात कुणाचा होता?"

"माझा. दुसरं होतं कोण घरात? बाबा दिवसभर शेतात. मी चार हापसे मारायचे आणि धार थांबायच्या आत पळत पुढे यायचे. तू अशी बोंबलायचीस, लोकांना वाटावं मी तुला कापतेच आहे."

"आणि गाणी? बाबांची नक्कल? पिटुकली?"

ताईने अंडं उजेडाकडे धरून पाहिलं. "तेही मीच."

"मीच म्हणजे?"

"तू झोपायची नाहीस. आई पाहिजे, आई पाहिजे. आणू कुठून? मग रचली."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय वाटेल ते बोलले मी. म्हटलं, तुला लाज कशी वाटली नाही, मी जगभर या गोष्टी सांगत फिरले, पोरीला सांगितल्या, आणि तू खुशाल अंडी पुसत बसलीस? माझ्याकडे आईची म्हणून एवढी एकच गोष्ट होती, तीही तू काढून घेतलीस. पिशवी उघडलीही नव्हती, तशीच उचलली. संध्याकाळची बस मिळाली असती.

"खरं सांगायचं तर काय सांगणार होते?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू झालीस तेव्हापासून ती आतल्या खोलीत खाटेवर. मला जवळ जाऊ द्यायचे नाहीत, लागण होईल म्हणून. मी दाराच्या फटीतून बघायचे. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मला तिची पाठ माहीत आहे. झोपताना पाठीची गोष्ट सांगू तुला?"

"त्याच्या आधीचं काहीच आठवत नाही?"

"नाही."

मी दारातच उभी राहिले. "मग तुला कोण सांगायचं? आईचं?"

"मला कोण सांगणार? मीच मोठी."

अंड्याचा भाव सांगावा तसं सांगितलं तिने. माझा राग जागच्या जागी विझला आणि मला स्वतःची शरम वाटली. रचलेली का होईना, मला आई मिळाली होती. रोज रात्री, मागेन तेवढी. आणि ती देणारी सहा वर्षांची पोर तशीच कोरडी झोपत होती. इतक्या वर्षांत मला हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी पिशवी ठेवली, तिच्यासमोर बसले आणि एक फडकं घेतलं.

"एकदा काय झालं," मी म्हणाले, "तू त्या दाराशी उभी होतीस."

"खोटारडी. तू पाळण्यात होतीस."

"मध्ये बोलू नकोस. बाबा शेतात गेले होते. दार जरा जास्तच उघडं राहिलं होतं. आणि आईला कळलं, तू आलीस ते."

ताईचा हात थांबला. "मग?"

"मग ती वळली. दुखत होतं तिला, पण वळली. आणि तुझ्याकडे बघत राहिली. किती तरी वेळ."

"कशी दिसत होती?"

इथे माझी पंचाईत झाली. फोटो आमच्याकडे कधीच नव्हता. तिला पाहिलेलं, विचारता येईल असं माणूस आता कुठे उरलं नव्हतं.

"तुझ्यासारखी," मी म्हणाले.

"म्हणजे काही खास नाही," ताई म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण आमच्या घरात तिला तसं कुणीच कधी घेतलं नव्हतं, आणि मला हात कुठून घालायचा ते कळेना. मी नुसती बसून राहिले.