फेदोबाच्या सहा विभक्त्या

दसऱ्याच्या मिरवणुकीतले घोडे पागेत परतले, की नारायण पेठेत नियाज नालबंदाच्या पडवीपुढे रांग लागायची. यज्ञेश्वर रोज मुठेवर स्नान करून, पिळलेले धोतर खांद्यावर टाकून, तोंडाने व्याकरणाची सूत्रे घोळवत त्या रांगेच्या कडेने घरी जात असे. घोड्यांकडे त्याचे लक्ष नसे आणि घोड्यांनाही त्याच्या सूत्रांत फारसे काही वाटत नसे.

त्या दिवशी मात्र एका अबलख घोडीने लाथा झाडायला सुरुवात केली. नियाजच्या हाताखालचा तांबड्या दाढीचा धिप्पाड माणूस तिच्या मानेला बिलगला आणि हळूच म्हणाला, "स्तोय, स्तोय."

घोडी थांबली. यज्ञेश्वरही थांबला.

"पंडितजी, ते घोडीला सांगितलंय," नियाज म्हणाला. "तुम्ही चालू लागा."

"काय म्हणाले हे?"

"उभी राहा म्हणाला."

"कुठल्या भाषेत?"

"त्याच्या. रूस मुलखातला आहे तो. आमचा फेदोबा."

यज्ञेश्वरच्या अंगावर काटा आला. 'तिष्ठ' म्हणावे आणि 'स्था' धातू ऐकू यावा, तसा हा शब्द त्याच्या कानात शिरला होता. इतक्या लांबच्या मुलखात आपला धातू पोचला कसा? त्याने धोतर पडवीच्या कठड्यावर वाळत टाकले. म्हणजे आता तो लवकर हलणार नाही, हे नियाजने ओळखले आणि उसासा टाकून सगळी हकीकत सांगितली.

फेदोबाचे खरे नाव फ्योदोर. यायिक नावाच्या नदीवर मासे धरताना, एकोणीस वर्षांचा असताना, लुटारूंनी त्याला उचलले आणि बुखाऱ्याच्या बाजारात विकले. तिथून एका अफगाण घोडेवाल्याने त्याला घेतले, नाल ठोकायला शिकवले आणि बऱ्हाणपुरात मरताना मोकळे केले. पुण्यात येऊन त्याला सात वर्षे झाली होती. घर सुटून वीस.

"आणि काल," नियाजने आवाज खाली आणला, "खाचिक आला होता. शालींचा व्यापारी, आर्मेनी. पाच वर्षं रूस मुलखात राहिलेला. हा धावत गेला त्याच्याकडे. तोंड उघडलं आणि काय सांगू, फारसी निघाली, तुर्की निघाली, आपली हिंदुस्तानी निघाली. स्वतःची भाषा काही निघेना. वीस वर्षं बोलणार कुणाशी? घोड्यांशी? त्यांना एक 'स्तोय' पुरतो."

फेदोबा मान खाली घालून खूर तासत होता. "मेली," तो म्हणाला. "माझी बोली मेली."

खाचिक वसुबारसेला सुरतेच्या वाटेने निघणार होता. फेदोबाच्या आईला पत्र पोचवण्याची सोय तो करणार होता, मात्र त्याची एक अट होती. त्या मुलखात लबाड लोक हरवलेल्या मुलांची खोटी पत्रे घेऊन येतात आणि महिनाभर पाहुणचार झोडतात. आयांनी आता अशा पत्रांवर विश्वास ठेवणे सोडून दिले आहे. तेव्हा भाषांतर चालणार नाही. फेदोबाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत सांगायचे आणि खाचिकने ते तसेच उतरवून घ्यायचे. वसुबारसेला नऊ दिवस उरले होते.

"भाषा अशी मरत नाही," यज्ञेश्वर म्हणाला. "एक रूप सापडलं, की बाकीची मागोमाग येतात."

"मेंढरांसारखी?" नियाजने विचारले.

"अगदी तशीच."

दुसऱ्या दिवशी तो बोरू, दौत आणि पाठकोऱ्या कागदांची चळत घेऊन हजर झाला. फेदोबापासून हातभर अंतरावर एका दगडावर बसला.

"आई. प्रथमा. आई येते. कोण येते?"

फेदोबाने डोळे मिटले. ऐरणीवरचा नाल लालाचा काळा झाला. मग त्याचे ओठ हलले.

"मातुश्का."

"मातुःश्री!" यज्ञेश्वर इतक्या जोरात ओरडला की बांधलेल्या घोड्याने कान टवकारले. "पुढे. मी पाहतो. कोणाला पाहतो?"

"मातुश्कू."

"मी देतो. कोणाला देतो?"

"मातुश्के." हे लवकर आले.

"मी जातो. कोणाबरोबर?"

"मातुश्कोय!" फेदोबाने डोळे उघडले आणि आपल्याच तोंडाला हात लावून पाहिला, जणू शब्द तिथे बाहेर लागले होते.

त्यानंतर रोज सकाळी नाल ठोकण्याच्या तालावर विभक्त्या चालू लागल्या. घर म्हणजे 'दोम'. वेदात घराला 'दम' म्हटले आहे, हे आठवून यज्ञेश्वरला त्या दिवशी जेवण गोड लागले नाही, कारण ते टिपून ठेवायला जेवण संपेपर्यंत थांबावे लागले. दिवसाला दोन दोन स्नाने पाहून आनंदीबाईंनी, त्याच्या आईने, विचारलेच, "नदी वाहून चाललीय का रे कुठे?" आणि गुरुजी श्रीधरशास्त्री म्हणाले, "म्लेच्छांच्या भाषेला म्हणे विभक्त्या असतात?"

"सहा आहेत, गुरुजी."

"आपल्याला संबोधनासकट आठ. दोन वाटेत सांडल्या वाटतं."

"विचारून येतो," यज्ञेश्वर गंभीरपणे म्हणाला आणि खरोखरच विचारून आला. 'घरातून' म्हणायचे तर फेदोबा 'घराचे' हेच रूप घेई आणि आधी एक छोटा शब्द जोडी. म्हणजे पंचमी षष्ठीच्या घरी राहायला गेली होती. संबोधन शोधायला अख्खी सकाळ गेली.

"हाक मारताना रूप बदलतं का?"

"देवाला मारताना बदलतं. बोझे!"

"आणि माणसांना?"

"माणसं नुसतं ओरडलं तरी येतात," फेदोबा म्हणाला.

द्विवचनाने मात्र यज्ञेश्वरचा अंत पाहिला. दोन घरे म्हणजे 'द्वा दोमा', आणि 'दोमा' म्हणजे तर 'घराचे'. तीनलाही तेच, चारलाही तेच. पाचला एकदम 'दोमोफ'.

"पाचाने काय पाप केलं?"

फेदोबाने खांदे उडवले. "काय माहीत. आमच्या वाडीत घरं चारच होती."

यज्ञेश्वर सगळे टिपत होता. काय विचारले, काय उत्तर आले, किती वेळाने आले. फेदोबा हसला तर समासात 'हसले' असेही लिहीत होता, कारण निरीक्षण करायचे तर त्यातले काही गाळायचे नाही, असा त्याचा नियम होता. तृतीयेच्या पानावर 'हसले' चारदा होते. 'कशाने?' असे विचारल्यावर फेदोबा 'लोश्कोय' म्हणाला होता, म्हणजे लाकडी पळीने, आणि मग पोट धरून बसला होता. कुठल्याशा शेळीची गोष्ट होती. ती ऐकून घेऊन यज्ञेश्वर षष्ठीकडे वळला.

सातव्या दिवशी फेदोबा घोड्यांशी सबंध वाक्ये बोलू लागला. आठव्या दिवशी यज्ञेश्वरने पत्र रचले. शब्द फेदोबाचे, रचना त्याची. एकाच वाक्यात सहाही विभक्त्या गुंफल्या होत्या. सुरुवातीला तीर्थरूप मातुश्केच्या चरणकमली अपत्याचे साष्टांग दंडवत होते, शेवटी स्वकीय कुशल लिहीत जावे अशी विनंती होती. पुण्यातल्या कोणत्याही आईला मुलाने लिहावे तसे पत्र. फेदोबाने ते पाठ केले. पंडिताने रचलेय म्हटल्यावर चूक कशी काढायची?

वसुबारसेच्या सकाळी खाचिक आला. कागद मांडीवर घेऊन बसला. फेदोबा उभा राहिला आणि एका दमात पत्र म्हणून गेला. यज्ञेश्वरचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

खाचिकने लेखणी खाली ठेवली. त्याचे पोट हलू लागले, मग खांदे, मग तो नियाजच्या भात्यावर रेलून हसला.

"चुकलं का कुठे?" यज्ञेश्वरने विचारले.

"एकही चूक नाही. म्हणूनच तर! पंडितजी, असं तिकडे आईशी कोण बोलतं? पायांची कमळं? म्हातारी पाय वर करून बघेल. आणि मग पत्र आणणाऱ्याला झाडूने हाकलेल. हा तिचा मुलगा नव्हे, कुणी कारकून आहे म्हणेल."

फेदोबाने चिमटा उचलला. "राहू दे," तो म्हणाला, आणि तेही हिंदुस्तानीत म्हणाला.

यज्ञेश्वरचे कान तापले. खाचिकची खेचरे लादून तयार होती. असा माणूस पुन्हा पुण्यात कधी येईल, ते कुणी सांगावे? चूक कुठे झाली ते पाहायला त्याने आपली टिपणे उलटली. प्रथमा, द्वितीया... आणि तृतीयेच्या समासात चार वेळा 'हसले'.

"फेदोबा," तो म्हणाला, "कशाने?"

"काय कशाने?"

"पत्र विसरा. मी विचारतो, तुम्ही सांगा. खाचिकशेट, तुम्ही फक्त लिहा. कशाने?"

"लोश्कोय," फेदोबा पुटपुटला.

"पळीने काय केलंत?"

"लोश्कोय या कोपाल." पळीने मी खणले. आणि मग बांध फुटावा तसा तो सुटला. गळासाठी गांडुळे हवी होती, त्याने आईची पळी घेतली, ती मोडली, त्याने ती मागल्या दारी पुरली आणि शेळीने चावली म्हणून सांगितले. शेळीने बिचारीने मार खाल्ला. "न्ये कोझा," तो छातीवर बोट आपटत म्हणाला, "न्ये कोझा, आ या!" शेळी नव्हे, मी.

खाचिकची लेखणी पळत होती. तो आता हसत नव्हता. म्हणजे हसत होता, पण वेगळे.

"कोणाबरोबर होतात? कोणाच्या घरी? कोठून नेलं तुम्हाला?" यज्ञेश्वर एकेक विभक्ती विचारत गेला आणि एकेकीतून भाऊ निघाला, चौथे घर निघाले, नदीचे वळण निघाले. नियाज हातोडा हातात तसाच धरून ऐकत होता. एक अक्षर कळत नसताना त्याने दोनदा "वाहवा" म्हटले.

"आता शेवटचं," यज्ञेश्वर म्हणाला. "आणि तुम्ही?"

फेदोबाने चिमटा ऐरणीवर ठेवला.

"या झिव," तो म्हणाला.

याचे भाषांतर कुणी करण्याची गरज नव्हती. जीव. मी जिवंत. क्रियापद कुठे आहे, असे विचारायला यज्ञेश्वरने तोंड उघडले आणि जन्मात पहिल्यांदाच ते न विचारता मिटले.

तिसऱ्या वर्षी, रांग लागलेली असताना, खाचिक परत आला. खेचरावरून उतरायच्या आधीच त्याने कमरेचा कागद काढला. वाडीच्या पाद्र्याने लिहिला होता, सांगितला होता आईने. नमस्कार नव्हता, चमत्कार नव्हता. खाचिक आधी रूसी वाचायचा, मग सगळ्यांसाठी अर्थ सांगायचा.

"'शेळी नव्हती, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. शेळी पळी खाईल, पुरून ठेवणार नाही. मला ती दुसऱ्याच दिवशी मातीत सापडली. पण अर्धीच. उरलेली अर्धी कुठे टाकलीस?'"

फेदोबा हसला. तो असा हसला की पडवीवरची कबुतरे उडाली, आणि गालांवरून पाणी ओघळून दाढीत शिरले. अबलख घोडी बिथरून मागच्या पायांवर उभी राहिली. नियाजचे हात गुंतलेले होते, फेदोबाचा तर स्वतःवरचा ताबाच गेलेला.

धोतर कठड्यावर फेकून यज्ञेश्वरने पुढे होऊन तिचा लगाम धरला.

"स्तोय!" तो म्हणाला.

घोडी उभी राहिली.