मागे सरायची जागा

“जावईबापू, डोळे मिटा आणि या पॅनेलच्या दाराला हात लावा,” वायरमन म्हणाला.

ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत बारीक गुणगुण चालली होती, झोपलेलं लेकरू जपत कुणी ओठांतल्या ओठांत गावं तशी. पॅनेलपासून साडेतीन फुटांवर त्याने दरवर्षी नव्याने ओढलेली पिवळी रेघ. तिच्या आत काही ठेवायचं नाही. आज ती पार झाकली गेली होती. कारखान्याचं गोदाम ओसंडलं म्हणून जावयाने, तो तिथला गोदामवाला, पुठ्ठ्याची खोकी इथे छतापर्यंत रचली होती.

महिन्याच्या तपासणीच्या कागदावर ‘समोरची जागा मोकळी’ या ओळीपुढे वायरमनची सही हवी होती. नसली तर ठपका गोदामावर, आणि जावयाची नोकरी कायम व्हायची ती नेमकी याच महिन्यात. एवढी एक वेळ डोळेझाक करा, माल दोन दिवसांत हलेल, म्हणून लेकीने सकाळी फोनवर विनवलं होतं.

जावयाने हसत डोळे मिटले. “मामा, आता या वयात लपाछपी का?”

वायरमनने हातातला पाना पत्र्यावर जोरात आपटला. जावई दचकून मागे उसळला, खोक्यांवर आदळला आणि तोल जाऊन पुन्हा पॅनेलवरच आला. दार बंद होतं म्हणून निभावलं.

“माझ्या थोरल्या भावाच्या वेळी उघडं होतं,” वायरमन हळूच म्हणाला. “त्याच्यामागे खुर्च्या रचलेल्या. मीच रचल्या होत्या. दोन दिवसांसाठी.”

जावयाचं हसू मावळलं. त्याने बाह्या सारल्या, पहिल्या खोक्याला हात घातला. दुसरी बाजू सासऱ्याने धरली.

माल उघड्यावर आला, धुळीने माखला. साहेबाने चार माणसांत जावयाची हजेरी घेतली आणि नोकरी कायम झाल्याचं पत्र सहा महिने लांबवलं. लेकीने बापाशी अबोला धरला.

पुढच्या महिन्यात वायरमन तपासणीला आला, तर आत जावई एकटाच होता. पॅनेलकडे तोंड, डोळे मिटलेले. एक पाऊल मागे. आणखी एक. पाठीला काही लागलं नाही, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

भाऊ गेल्यापासून दर महिन्याला ही दोन पावलं वायरमन स्वतः टाकत आला होता. आज तो उंबऱ्याबाहेरच थांबला, आणि कागद भिंतीला टेकवून त्याने नुसती सही केली.